लवकर येणारा मका म्हणजे ताण सोसणारा मका नव्हे

"रान कोरडवाहू आहे, कमी पाण्यावर येणारा मका द्या," असं म्हटलं की कृषी केंद्रवाला हमखास 90 दिवसांच्या संकरित वाणाची पिशवी काढतो. पिशवीवरही 'कमी पाण्यावर येणारा' असंच छापलेलं असतं. याची मला मनापासून चीड येते, कारण दोन वेगळे गुण एकाच नावाखाली विकले जातात.

लवकर येणारा वाण तुम्हाला ठाऊक आहेच. सप्टेंबरअखेर कणसं हातात, ओल असली तर मागे हरभरा. परतीच्या पावसाने दगा दिला, तर 110 दिवसांचा मका दाणे भरताना अडकतो, हा तोवर सुटलेला असतो. म्हणजे तो शेवटचा ताण, म्हणजे पाण्याची ओढ, चुकवतो. पावसाचा मधला खंड सोसण्याची ताकद त्यात असेलच असं नाही.

2023 चा ऑगस्ट आठवा. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. जुलैच्या सुरुवातीला पेरलेला लवकर येणारा मका नेमका त्याच वेळी तुऱ्यावर, म्हणजे फुलोऱ्यात.

मक्याचं सगळं गणित तिथे ठरतं. तुऱ्यातून परागकण साधारण आठवडाभर झडतात आणि कणसाचे केस त्याच दिवसांत बाहेर यावे लागतात. ताण पडला की तुरा फारसा थांबत नाही, पण कणसाची वाढ मंदावते आणि केस मागे पडतात. तुरा आणि केस यांच्यातलं दोन-तीन दिवसांचं अंतर आठ दिवसांवर गेलं की परागच उरत नाही. मग सोलल्यावर बोळक्या तोंडासारखं कणीस निघतं, चार दाणे इथे, दोन तिथे. नंतर कितीही पाऊस पडो, ते दाणे भरत नाहीत.

ताण सोसणारा वाण म्हणजे हे अंतर खंडातही कमी ठेवणारा. मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेने 1970 च्या दशकापासून मका कोरड्या हंगामात, ऐन फुलोऱ्यात पाणी तोडून निवडला, तो हेच अंतर पाहून. हा गुण 90 दिवसांच्या वाणात असू शकतो, 105 दिवसांच्याही. दिवस मोजून तो कळत नाही.

दुपारी पानं गुंडाळली म्हणून वाण नाकारू नका. दाण्याचा रंग, ताटाची उंची यांचाही इथे संबंध नाही. खंड पडलेला असताना शेजाऱ्याच्या रानात जा. तुरा झडतोय, केस बाहेर आलेत का? एवढंच पाहा आणि वाणाचं नाव टिपून ठेवा.

हलक्या, मुरमाड रानात मी लवकर येणाराच घेईन, तिथे ओल टिकतच नाही. मध्यम काळ्या रानात मात्र 100 दिवसांच्या आसपासचा, खंडात पारखलेला. शेततळं असेल तर त्यातलं एक पाणी केस निघतानाच द्यावं.

सखल रानात पाणी साचत असेल, तर दोन्ही वाण सारखेच पिवळे पडतात. तिथे आधी चर काढा.