अंग बाहेर येणे: पिशवी काढण्याच्या सल्ल्यामागचा इतिहास

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय, बोलीतली ‘पिशवी’, योनीत खाली उतरणं किंवा बाहेर येणं. सुश्रुतसंहितेत हा विकार ‘प्रस्रंसिनी’ या नावाने आहे, ग्रीक वैद्य आधाराला योनीत अर्धं डाळिंब बसवत. प्राचीन काळाविषयी इतकं पुरे. आजच्या उपचारांची सुरुवात १८८८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मँचेस्टरला झाली. तिथल्या शस्त्रक्रियेत लांबलेलं गर्भाशयमुख कापून बाजूचे अस्थिबंध (पिशवीला धरून ठेवणारे पट्टे) पुढे आणून शिवत. पिशवी जागेवरच राही. पुढे भूल, रक्त आणि प्रतिजैविकं हाताशी आली, योनीमार्गे पिशवी काढणं सुरक्षित झालं आणि तीच वहिवाट पडली.

सगळा गोंधळ इथे आहे. अंग बाहेर येतं तेव्हा दोष बहुधा पिशवीत नसतो. तिला मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे, म्हणजे त्रिकास्थीकडे, धरून ठेवणारे अस्थिबंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणलेले किंवा फाटलेले असतात. नुसती पिशवी काढली तर ते तसेच राहतात. योनीचा वरचा भाग त्याच वेळी नीट बांधून घेतला नाही, तर काही वर्षांनी तोच खाली उतरू शकतो आणि बाईला पुन्हा टेबलावर जावं लागतं. काही जणींना पिशवी काढणंच योग्य असतं, पण ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे त्याचं वैद्यकीय कारण नव्हे.

याचं एक उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतच तयार झालं होतं. तरुणपणीच अंग बाहेर आलेल्या आणि अजून मूल हवं असलेल्या बायकांसाठी इथल्या शल्यविशारदांनी पिशवी राखून तिला टांगण्याच्या पद्धती बसवल्या. त्यांतले एक मूळचे गोव्याचे डॉ. शिरोडकर. त्यांनी गर्भाशयमुखाची मागची बाजू पट्टीने त्रिकास्थीला बांधली. दुसरे डॉ. पुरंदरे, त्यांनी पुढची बाजू पोटाच्या भिंतीच्या आवरणाला जोडली. भारतीय पाठ्यपुस्तकांत या शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावांनी शिकवतात. हा वारसा तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवा होता.

पोचली ती पिशवी काढण्याची घाई. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथल्या तक्रारी मुख्यतः पांढरं जाणं आणि पोटदुखीच्या होत्या, पण सल्ला तोच. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाताळला.

पाश्चात्त्य देशांत घाई वेगळ्या गोष्टीची झाली. उतरलेल्या अंगाला आधार म्हणून योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळीला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. आधीच्या उत्पादनांशी साधर्म्य एवढा आधार पुरला, बायकांवरच्या स्वतंत्र चाचण्या मागितल्याच गेल्या नाहीत. जाळी आतून टोचू लागली, संबंध असह्य झाले, काहींच्या शरीरातून ती पूर्ण काढताही येईना. २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले गेले, विक्री थांबली २०१९ मध्ये. पोटातून बसवायची जाळी वेगळी, ती आजही वापरात आहे.

विनाशस्त्रक्रिया उपचार या काळात मागे पडले. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम १९४८ पासून माहीत आहेत. नेमून दिलेल्या व्यायामाने तक्रारी कमी होतात हे २०१४ च्या बहुदेशीय चाचणीत दिसलं. आधारासाठी योनीत बसवायची रिंग (पेसरी) घरीच काढून, धुऊन परत बसवणाऱ्या बायकांचं आयुष्य दवाखान्यात फेऱ्या मारणाऱ्यांइतकंच सुकर असल्याचं २०२३ च्या ब्रिटिश चाचणीत आढळलं, आणि त्यांना गुंतागुंतही कमी झाली.