गंजिफा म्हणजे गोल पत्ते नव्हेत

गंजिफा हा हाताने रंगवलेल्या गोल पानांचा जुना खेळ. त्याचा सावंतवाडीचा तो रंगवलेला लाकडी डबा कुणी उघडला, की पाच मिनिटांत एकजण म्हणतोच, "अच्छा, आपले पत्तेच की, फक्त गोल." मग दुसऱ्याला चेव येतो, "अहो, पत्ते यातूनच निघाले! इंग्रजांनी उचलले आणि चौकोनी केले." ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत, की आता डबा उघडायच्या आधीच सांगून टाकतो: दोन्ही चूक.

पत्त्यांबद्दल लिहीत बसत नाही. चार रंग, तेरा-तेरा पानं, उतारी, हात, हुकूम. ज्याने सुट्टीत एकदा तरी मेंढीकोट खेळलाय, त्याला यातलं काही समजावायला नको.

गंजिफ्याचे वरवरचे फरकही पटकन उरकतो, कारण लोक नेमके त्यातच अडकतात. पानं गोल. जुनी पानं कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप आणि लाखेची झिलई देऊन केलेली. प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, वजीर आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंत दहा. राणी नाही. मोगल गंजिफ्यात आठ रंग म्हणजे 96 पानं. दशावतारीत दहा अवतारांचे दहा रंग म्हणजे 120. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू अशा खुणा. 'रंग' हा शब्द इथे खराखुरा आहे: प्रत्येक रंगाच्या पानांची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असते. आपण दोनच रंगांत छापलेल्या पत्त्यांना चार 'रंग' म्हणतो, ते कसं काय, याचा विचार कुणी करत नाही. आणि हो, मोगल गंजिफ्यात 'गुलाम' हे पान नसून अख्खा रंग आहे. तिथल्या 'बरात' या रंगाचाही लग्नाशी संबंध नाही. पेशवाईच्या कागदांत खजिन्यावरच्या हुकमाला 'वरात' म्हणत, तोच हा शब्द.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात भलेभले घसरतात.

प्रदर्शनातल्या पाट्यांवर, मासिकांतल्या चौकटींत पानांचा क्रम असा दिलेला असतो: राजा, वजीर, मग दहापासून एकपर्यंत उतरत. पूर्णविराम. हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या माहितीवर खेळायला बसलात तर पहिल्याच डावात वाट लागेल. कारण हा क्रम फक्त निम्म्या रंगांत चालतो. उरलेल्या निम्म्या रंगांत आकड्यांची पानं उलटी होतात: राजा आणि वजीर वरच राहतात, पण त्यांच्याखाली एक्का सगळ्यात मोठा, मग दुर्री, मग तिर्री, आणि तळाला दश्शी. मोगल गंजिफ्यात ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम हे सुलटे रंग. चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे उलटे. दशावतारीतही दहापैकी पाच रंग सुलटे, पाच उलटे.

एक हात बघू. तिघे खेळताहेत, मोगल डाव, प्रत्येकाला 32 पानं. सुर्खचा राजा, वजीर आणि एक्का पडून गेलेत. तुमच्या हातात सुर्खची दश्शी आणि दुर्री. मेंढीकोटची सवय काय सांगते? दश्शी म्हणजे जीव की प्राण, दुर्री म्हणजे कचरा. तुम्ही ऐटीत दश्शी उतरता आणि शेजारचा शांतपणे तिर्री टाकून हात उचलतो. खरं तर तुमची दुर्री हुकमी होती. तिला मारणारं पान शिल्लकच नव्हतं. आता हीच परिस्थिती ताजमध्ये कल्पा: राजा आणि वजीर गेले, की दश्शी बिनधास्त उतरायची, ती हात आणणारच. एकाच माणसाच्या हातात एक दश्शी सोन्याची आणि एक मातीची, आणि ते फक्त रंग पाहून ओळखायचं. मेंढीकोटात पन्नास डाव जिंकलेला माणूस इथे नवशिक्यापेक्षा जास्त चुकतो. नवशिक्याच्या डोक्यात दश्शीबद्दल काही मत तरी नसतं.

यात आणखी एक पोटगोंधळ आहे. सुलट्या रंगांना फारसीत बेशबर आणि उलट्यांना कमबर म्हणतात. 'कम' ऐकलं, की लोकांना वाटतं हे रंग हलके, म्हणजे बेशबरचं पान कमबरच्या पानाला मारत असणार. अजिबात नाही. गंजिफ्यात एका रंगाचं पान दुसऱ्या रंगाच्या उतारीवर पडलं, तर ते वाया गेलं, मग तो ताजचा राजा का असेना. हुकूम ही भानगडच नाही. हातात काही नसताना हुकमाच्या तिर्रीने समोरच्याचा राजा कापायचा, हे आपलं लाडकं सुख इथे मिळत नाही. शेवटी कुणी किती हात केले तेवढंच मोजायचं. म्हणून 96 पानांपैकी काय पडलं आणि काय राहिलं, हे ज्याच्या डोक्यात राहतं तोच जिंकतो. मला विचाराल तर हुकमाच्या खेळांपेक्षा हा खेळ जास्त कडक आहे. हुकूम हा आळशी माणसाचा आधार.

आता "पत्ते यातूनच निघाले" या दाव्याकडे. हिंदुस्थानात गंजिफ्याचा पहिला पक्का लेखी उल्लेख बाबराचा: 1527 मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं आत्मचरित्रात नोंदवलंय. अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अश्वपती, गजपती, नरपती अशा बारा रंगांच्या 144 पानांचं वर्णन केलं. फ्लोरेन्स शहराने मात्र पत्त्यांवर निर्बंध घातले 1377 मध्येच. पत्ते ही नात, ती बाबराच्या दीडशे वर्षं आधी जन्मली, तर बाबराने पाठवलेली वस्तू तिची आजी कशी?

उलट दावाही तितकाच पोकळ: पोर्तुगीजांचे पत्ते बघून आपण गंजिफा केला, असं म्हणणारेही भेटतात. गंजिफा इराणातून मोगलांबरोबर खुश्कीच्या मार्गाने आला, आणि त्याच्या पानांत राणी नाही, वजीर आहे. युरोपच्या पत्त्यांचं माहेर इजिप्तच्या मामलुक राज्यकर्त्यांकडे सापडतं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात त्यांचा एक जोड आहे, मूळ 52 पानांचा: चषक, नाणी, तलवारी, पोलोच्या काठ्या. त्यातही राणी नाही. राजा, नायब आणि दुसरा नायब. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना नाइपेस म्हणतात, आणि हा शब्द बहुतेक अभ्यासक याच नायबाशी जोडतात. आपल्या नायब तहसीलदारातला तोच नायब. म्हणजे गंजिफा आणि पत्ते ही एका जुन्या घराण्याची चुलत भावंडं.

नात्याचा सर्वात चांगला पुरावा मला तरी त्या उलट्या दश्शीतच दिसतो. व्हिएन्नाकडे आजही टारॉक नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात. त्यात काळ्या रंगांत चित्रांखाली दश्शी मोठी, पण बदाम आणि चौकटमध्ये एक्का मोठा, मग दुर्री, तिर्री आणि तळाला चौकी. स्पेनच्या जुन्या ओंब्रे खेळातही लाल रंग असेच उलटे. ऑस्ट्रियातल्या म्हाताऱ्याने आणि सावंतवाडीच्या खेळियाने एकमेकांची नक्कल केली नसणार. दोघांनाही हे एकाच जुन्या घरातून मिळालं असावं. हुकूम मात्र युरोपात नंतर बोकाळला: 1440 च्या सुमारास इटलीत जादा चित्रांची पानं आली, त्यांना ट्रिओन्फी म्हणत, आणि त्यातूनच इंग्रजीतलं ट्रम्प आलं. गंजिफ्याची शाखा त्या वाटेने गेलीच नाही.

माझा एक राग शेवटी नोंदवतो. हल्ली भेटवस्तूंच्या दुकानांत 52 चौकोनी पत्त्यांवर दशावतार छापून त्याला 'गंजिफा' म्हणून विकतात. चित्रं छान असतात, घ्या हवं तर. पण त्यात मेंढीकोटच खेळता येईल. 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या भोसले घराण्याने, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी, राजवाड्यात चितारी कारागिरांना बसवून ही कला पुन्हा उभी केली, ती भिंतीवर टांगायच्या चौकटींसाठी तरी नक्कीच नव्हे.

खरा दशावतारी जोड मिळाला, तर सतरंजीवर पानं पालथी पसरून हातांनी नीट कालवा. गोल पानं पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. मग बाहेर बघा. दिवस असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करणार. दिवेलागण झाली असेल, तर कृष्णाचा.