सुप्त एचआयव्ही आणि त्याचा साठा

रोजच्या गोळ्या चालू आहेत, व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती आहे त्याच्या) रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, तरी शरीरातल्या मोजक्या पेशींमध्ये एचआयव्ही गप पडून असतो, त्याला सुप्त एचआयव्ही म्हणतात आणि अशा सगळ्या पेशींच्या साठ्याला डॉक्टर मंडळी रिझर्व्हॉयर म्हणतात. एचआयव्ही आटोक्यात येतो पण पुरता जात का नाही, याचं मुख्य कारण हा साठाच.

एचआयव्ही मुख्यतः शिरतो तो सीडी४ पेशींमध्ये, म्हणजे इम्युनिटीचं काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये. विषाणूकडे असतो आरएनए, त्याचाच एक एन्झाइम त्यावरून डीएनए बनवतो आणि इंटिग्रेज नावाचा दुसरा एन्झाइम तो डीएनए पेशीच्या क्रोमोझोममध्ये नेऊन कायमचा जोडून टाकतो. याला प्रोव्हायरस म्हणतात. पेशी एकाची दोन झाली की तोही दोन होतो, म्हणजे विषाणूला स्वतः काही न करता साठा टिकवता येतो.

लागण झालेल्या बहुतेक पेशी एकदोन दिवसांत मरतात. पण काही त्याआधीच शांत होतात, मेमरी सेल बनतात. जुन्या आजाराची आठवण धरून वर्षानुवर्षं जगायचं हेच मेमरी सेलचं काम, आणि जो गुण आपल्याला वाचवायला आहे नेमका त्याच्याच आडोशाला हा विषाणू राहतो, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

अशा शांत पेशीत आत काय चालू असतं बघा. विषाणूचे जीन चालू करायला लागणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रोटीन केंद्रकाच्या बाहेरच अडकवून ठेवलेलं असतं, प्रोव्हायरसचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, त्यातूनही कॉपी सुरू झालीच तर टॅट हे विषाणूचं स्वतःचं प्रोटीन नसल्यामुळे ती थोडी पुढे जाऊन थांबते. विषाणूचं प्रोटीन नाही म्हणजे इम्युनिटीला ओळखायला खूण नाही, आणि औषधं तर विषाणूची कामं अडवतात, तो काहीच करत नसेल तर अडवणार काय?

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या तीन टीमनी औषधं चालू असलेल्या पेशंटमध्ये हा साठा दाखवून दिला. शांत सीडी४ पेशींपैकी साधारण दहा लाखांत एक पेशी पुन्हा विषाणू तयार करू शकते, एवढंच प्रमाण. पण साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात, त्या हिशोबाने तो नुसत्या गोळ्यांवर संपायला ७० च्या वर वर्षं लागतील. म्हणून "बरं वाटतंय, रिपोर्ट पण चांगला आहे" म्हणून एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) जाणं आणि गोळ्या घेणं बंद केलं की बहुतेकांमध्ये दोन-तीन आठवड्यांत विषाणू परत रक्तात दिसतो.

अमेरिकेत मिसिसिपीतल्या, आईकडून एचआयव्हीची लागण झालेल्या एका मुलीची केस यात सगळ्यात बोलकी आहे. २०१० मध्ये जन्मली, ३० तासांच्या आत औषधं सुरू झाली, पुढे साधारण १८ महिन्यांची असताना तिचं दवाखान्यात येणं थांबलं आणि औषधं बंद पडली, परत आणली तेव्हा रक्तात विषाणू सापडला नाही. औषधांशिवाय दोन वर्षांहून जास्त काळ ती तशीच राहिली, जगभर आशा वाटायला लागली. आणि जुलै २०१४ मध्ये कळलं की विषाणू परत आलाय. एवढा काळ तो कुठल्यातरी थोड्याशा पेशींत होता.

साठा खरंच संपला अशी पहिली मान्य केस टिमोथी रे ब्राउन यांची, बर्लिनमध्ये ब्लड कॅन्सरसाठी त्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं आणि डोनरच्या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारं सीसीआर५ हे प्रोटीन नव्हतं. पण हा उपाय इतका जिवावरचा आहे की कॅन्सर नसलेल्याला तो देता येत नाही. दुसरी वाट म्हणजे झोपलेल्या विषाणूला औषधाने उठवायचं आणि मग ती पेशी मारायची. व्होरिनोस्टॅट या कॅन्सरच्या औषधाने २०१२ मध्ये विषाणू उठला, त्याचा आरएनए पेशींत दिसला, पण साठा काही कमी झाला नाही.