मॉरिशस : तिकिटापासून पासपोर्टापर्यंत

मॉरिशसमध्ये मूळचा रहिवासी असा कोणी नाही. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले तेव्हा बेट निर्मनुष्य होते. पुढे १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकून घेतले. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, चीनमधून व्यापारी आले, हिंदुस्थानातून मजूर आले. म्हणजे देशातला प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या जहाजातून उतरलेल्याचा वंशज आहे. अशा ठिकाणी ‘बाहेरचा’ कोणाला म्हणायचे? या देशाचा इमिग्रेशनचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत जाणवते : इथली कागदपत्रे आधी बेटावर आलेल्या मजुराला मळ्यावर बांधून ठेवण्यासाठी तयार झाली. परक्याला बंदरावर अडवण्याचे काम त्यांच्याकडे नंतर आले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज छत्तीस मजूर घेऊन राजधानी पोर्ट लुईच्या बंदराला लागले. तीन महिन्यांतच, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, गुलामगिरी कायद्याने संपायची होती आणि ऊसमळेवाल्यांना नवे हात हवे होते. सुरुवातीच्या बेबंद भरतीची बोंब झाल्यावर कंपनी सरकारने ही वाहतूक काही काळ बंद केली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा खुली झाली, तेव्हा तिच्याभोवती सरकारी यंत्रणा उभी राहिली होती : कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांत एजंट, पोर्ट लुईमध्ये ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’ म्हणजे मजुरांची देखरेख करणारा सरकारी अधिकारी आणि १८४९ पासून धक्क्यावरचा डेपो. आज आपण त्याला आप्रवासी घाट म्हणतो. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

डेपोत प्रत्येकाची नोंद होई. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जहाज. अनुक्रमांकाची मालिका १८३४ पासून एकच होती आणि करारावर मजूर आणण्याची ही व्यवस्था संपेपर्यंत ती साडेचार लाखांपर्यंत गेली. कारकुनाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले, तेही रोमन लिपीत, फ्रेंच वळणाने. म्हणून आजही तिथल्या अनेक भारतीय घराण्यांचे आडनाव म्हणजे पहिल्या आलेल्या पूर्वजाचे नुसते नाव असते. मुंबई बंदरातून गेलेले लोक तुलनेने थोडे होते. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतल्या त्या कुटुंबांचेही तेच झाले. गाव मागे राहिले, घराण्याचे नाव कागदावर आलेच नाही.

बंदरावरची रोगांची धास्तीही यात मिसळलेली होती. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी असल्याच्या कारणावरून मजुरांना गॅब्रिएल या उजाड बेटावर ठेवले गेले. ना धड निवारा, ना औषध. तिथे अडीचशेहून अधिक माणसे मेली. हिंदुस्थान सरकारने त्यावरून काही काळ मजूर पाठवणेच थांबवले.

पण खरा जाच बंदरावर नव्हता, आतल्या रस्त्यांवर होता. पाच वर्षांचा करार संपला की मजूर मोकळा व्हायला हवा होता. भाजी पिकवावी, दुकान टाकावे, दुसऱ्या गावी जावे. मळेवाल्यांना नेमके हेच नको होते, कारण मोकळा माणूस मजुरीचा दर मागतो. १८६७ च्या एकतिसाव्या अध्यादेशाने ती वाट बंद केली. कराराबाहेरच्या प्रत्येक ‘जुन्या’ मजुराने फोटो लावलेले तिकीट, म्हणजे ओळखीचा कागद, जवळ बाळगायचे आणि शिवाय पोलिसांचा पास घ्यायचा. त्या पासावर जिल्हा आणि धंदा लिहिलेला. जिल्हा बदलला तर पुन्हा पोलीस ठाणे. यातला एक जरी कागद जवळ नसला तर माणूस ‘भटक्या’ ठरे आणि त्याची रवानगी ग्रांद रिव्हिएरच्या भटक्यांच्या डेपोत होई. त्या काळात बेटावर हिवतापाची भयानक साथ होती, हजारो माणसे मरत होती, आणि ‘भटके’ हाच धोका आहे हे पटवणे सोपे गेले.

काळ लक्षात घ्यायला हवा. युरोपात तेव्हा बहुतेक देशांत प्रवासाला पासपोर्ट लागत नव्हता आणि पासपोर्टावर फोटो सर्रास आले ते पहिल्या महायुद्धानंतर. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी हिंदी महासागरातल्या या ऊसबेटावर फोटो, क्रमांक आणि शरीराची खूण असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले होते. ओळख पटवण्याच्या आधुनिक शास्त्राचा इतिहास सांगताना या प्रयोगाला आजवर मिळाली त्याहून बरीच मोठी जागा द्यायला हवी.

विरोध झाला, आणि तो संघटित होता. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरपुढे गेला. तो तयार करायला मदत केली आदोल्फ द प्लेव्हित्स या मळ्याच्या व्यवस्थापकाने. मळेवाल्यांनी उलट मागणी केली की यालाच वसाहतीतून हाकलून द्या. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी मात्र अर्ज मनावर घेतला. १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्यातले एक सदस्य डब्ल्यू. ई. फ्रिअर हे मुंबई सनदी सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी. १८७५ च्या अहवालाने पोलिसांची धरपकड आणि पासाचा छळ तपशीलवार उघड केला, १८७८ मध्ये मजूर कायदा सुधारला. तिकीट मात्र लगेच गेले नाही. १९०१ मध्ये गांधीजी काही दिवस बेटावर थांबले. १९०७ मध्ये आलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांनी कोर्टात आणि वर्तमानपत्रातून मजुरांची बाजू लावून धरली. १९१० मध्ये करारी मजुरांची नियमित आवक थांबली.

दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. नाझींपासून पळून पॅलेस्टाईनला पोहोचलेल्या सुमारे १,५८० ज्यूंना ब्रिटिशांनी ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरवले आणि डिसेंबर १९४० मध्ये हैफाहून थेट मॉरिशसला आणून बो बासँच्या तुरुंगात ठेवले. गुन्हा कोणाचाच नव्हता. १९४५ पर्यंत ते तिथेच होते. शंभराहून अधिक जण तिथेच वारले, त्यांची थडगी आजही बेटावर आहेत.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. बेटावर जन्मलेले बहुतेक सगळे ब्रिटिश प्रजाजन त्या दिवशी नागरिक झाले. त्याच्या आगेमागे हिंदू बहुसंख्येच्या राज्याची धास्ती घेतलेली अनेक क्रिओल (आफ्रिकी किंवा मिश्र वंशाची) आणि फ्रेंच कुटुंबे ऑस्ट्रेलियाला निघून गेली. बाहेर जाण्यासाठी पासपोर्ट मोठ्या प्रमाणावर लागण्याची या देशाची ती पहिलीच वेळ असावी.

सगळ्यात मोठा अन्याय झाला तो हिंदी महासागरातल्याच चागोस बेटांच्या लोकांवर. स्वातंत्र्याआधी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली, कारण त्यांतल्या दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथले सगळे रहिवासी हलवले गेले, बहुतेक जण पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. १९७१ चा ‘इमिग्रेशन’ अध्यादेश काढून परवान्याशिवाय बेटावर राहणे बेकायदा केले गेले. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेल्या त्यांनाच त्यांच्या घरी परके ठरवायला हा कायदा वापरला. त्यांच्याकडे मॉरिशसचे नागरिकत्व होते, ब्रिटिशही होते, पण घरी जायला दोन्ही उपयोगाचे नव्हते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदा असल्याचे मत दिले. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटे परत देण्याच्या करारावर सह्या केल्या, पण दिएगो गार्सियावर पुन्हा वस्ती करण्याची मुभा त्यातही नाही.

स्वतंत्र मॉरिशसने स्वतः केलेल्या कायद्यांतही एक ठळक खोट होती. १९७० च्या इमिग्रेशन कायद्यात १९७७ मध्ये दुरुस्ती झाली. मॉरिशियन पुरुषाच्या परदेशी बायकोला राहण्याचा हक्क आपोआप राहिला. मॉरिशियन बाईच्या परदेशी नवऱ्याचा मात्र काढून घेतला. त्याने मंत्र्याकडे परवाना मागायचा आणि तो कधीही रद्द होऊ शकतो, अशी स्थिती. शिरीन औमीरुद्दी-सिफ्रा यांच्यासह वीस महिलांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार केली. त्यांतल्या फक्त तिघींचे परदेशी माणसाशी लग्न झालेले होते, बाकी सतरा जणी अविवाहित. ९ एप्रिल १९८१ रोजी समितीने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. स्त्री-पुरुष भेदभावावरच्या समितीच्या सुरुवातीच्या निर्णयांत हा मोडतो आणि जगभरचे वकील आजही त्याचा दाखला देतात. त्या सतरा जणींचे मला विशेष कौतुक वाटते.

आज पासपोर्ट आणि इमिग्रेशन हे काम मॉरिशस पोलीस दलाच्याच एका विभागाकडे आहे. २००९ पासून मॉरिशसच्या पासपोर्टावर युरोपच्या शेंगेन देशांत अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. आपल्या पर्यटकालाही तिथे जाण्याआधी व्हिसा काढावा लागत नाही.

डेपोतल्या त्या जुन्या नोंदवह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. पूर्वज कोणत्या जहाजाने, कोणत्या गावातून आला, याचा उतारा तिथून मिळतो. भारताच्या ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांना मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी, हाच उतारा पुरावा म्हणून कामी येतो. मार्च २०२४ मध्ये ही सवलत सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात केली. म्हणजे वाकोआ किंवा कास्कावेलच्या मराठी घरातला तरुण आज ज्या ओळीच्या आधारे आपले मूळ सिद्ध करतो, ती ओळ त्याच्या खापरपणजोबाला पकडता यावे म्हणून लिहिली गेली होती.

आणि बाहेरून मजूर आणणे थांबलेले नाही. १९७० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या कापड कारखान्यांत, बांधकामावर आज बांगलादेश, भारत, मादागास्कर, नेपाळमधून आलेली माणसे काम करतात. बरेच जण कंपनीच्या वसतिगृहात राहतात. त्यांचा परवाना ठरावीक मालकाच्या नावाने निघतो आणि नोकरी सुटली की बेटावर राहण्याचा हक्कही डळमळीत होतो.