बिल्डिंग पाडली तरी गार पाणी चालू: टोकियोच्या तळघरांची पन्नास वर्षं

आपल्याकडे रिडेव्हलपमेंट म्हटलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले, एफएसआय किती मिळणार आणि तोपर्यंत राहायचं कुठं. टोकियोच्या ओतेमाची भागात गेली वीसेक वर्षं रिडेव्हलपमेंट चालूय, तिथंही हे दोन प्रश्न होतेच. पण तिथं तिसरा एक प्रश्न होता जो आपल्याला सहसा पडत नाही. बिल्डिंगच्या तळघरात एक प्लांट आहे आणि तो आजूबाजूच्या बिल्डिंगांनाही एसीचं गार पाणी आणि हीटिंगची वाफ देतो, मग ती बिल्डिंग पाडायची कशी? सगळ्या शेजाऱ्यांना तीन वर्षं एसी बंद ठेवा असं सांगणार का?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याला डिस्ट्रिक्ट हीटिंग-कूलिंग म्हणतात. प्रत्येक बिल्डिंगने आपापला बॉयलर आणि चिलर लावण्याऐवजी एका जागी मोठाले बॉयलर आणि चिलर (म्हणजे पाणी गार करणारी मशिनं) बसवायचे आणि रस्त्याखालच्या पाइपांतून वाफ आणि साधारण ६-७ अंशांचं पाणी सगळ्यांना पुरवायचं, ते पाणी बिल्डिंगमधली गरमी घेऊन १३-१४ अंशांना परत येतं, पुन्हा गार होतं, पुन्हा जातं. बिल्डिंगवाल्याला मीटरप्रमाणे बिल. त्याच्या गच्चीवर ना चिलरची गरमी हवेत सोडणारा कूलिंग टॉवर, ना धुराडं.

यातलं वाफेचं प्रकरण तसं जुनंच आहे. अमेरिकेत लॉकपोर्ट गावात बर्डसिल हॉली नावाच्या माणसाने १८७७ मध्ये घराघरांत पाइपने वाफ दिली, १८८२ पासून न्यूयॉर्कमध्ये वाफ विकली जायला लागली आणि ती सिस्टिम आजही चालूय. गार पाणी मात्र बरंच उशिरा आलं, अमेरिकेतच हार्टफर्डला १९६२ मध्ये. जपानने दोन्ही एकदमच उचललं, १९७० साली ओसाकाजवळच्या सेनरी न्यू टाउनमध्ये, म्हणजे शेजारी एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन भरलं होतं त्याच वर्षी.

जपानला याची घाई का होती? धूर! साठच्या दशकात टोकियोत ऑफिसं धडाधड उभी राहत होती आणि जो तो आपल्या तळघरात हेवी ऑइल जाळत होता, हवा इतकी वाईट झाली की १९७० च्या शेवटी जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाचे चौदा कायदे केले. शंभर छोटी धुराडी तपासत बसण्यापेक्षा एकच मोठं, नीट फिल्टर लावलेलं धुराडं बरं, असा तो सरळ हिशोब. सापोरोमध्ये तर कोळशाच्या धुराने हिवाळे काळे होत होते आणि १९७२ चं विंटर ऑलिंपिक तोंडावर आलेलं, तिथं १९७१ मध्ये डिस्ट्रिक्ट हीटिंग चालू झालं. १९७२ मध्ये उष्णता पुरवठ्याचा वेगळा कायदाच आला, वीज आणि गॅससारखीच ही पण एक युटिलिटी म्हणून. म्हणजे सुरुवातीला ऊर्जा वाचवणं वगैरे फार डोक्यात नव्हतं, ते नंतर चिकटलं. आता सगळीकडे कार्बनचीच भाषा ऐकू येते म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

टोकियोतलं मोठं उदाहरण म्हणजे पश्चिम शिंजुकू. तिथं १८९८ पासून योदोबाशीचं पाणी शुद्धीकरण केंद्र होतं, १९६५ मध्ये ते शहराबाहेर हलवलं आणि एवढी मोठी जागा गगनचुंबी इमारतींसाठी मोकळी झाली. १९७१ मध्ये केइओ प्लाझा हॉटेल उभं राहिलं आणि त्याच वर्षी उष्णता पुरवठाही चालू झाला. मग एकेक टॉवर येत गेला, प्रत्येकाला कनेक्शन. पुढे टोकियो महानगर सरकारचं मुख्यालयच तिथं आलं, आर्किटेक्ट केंझो तांगेंची ती जोड-मनोऱ्यांची बिल्डिंग, ऑफिस हललं १९९१ मध्ये, आणि एवढा लोड जुन्या प्लांटला झेपणारा नव्हता. तेव्हा सरळ नवीन केंद्र बांधलं, ५९,००० टन कूलिंगचं, त्या काळात जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. आपल्या घरातला दीड टनाचा एसी धरला तर असे ३९ हजार एसी एका छपराखाली. त्यातले सगळ्यात मोठे चिलर एकेक १०,००० टनाचे.

पण खरं सांगायचं तर शिंजुकूची केस सोपी होती. तिथला पुरवठा चालवणाऱ्या गॅस कंपनीकडे स्वतःची जागा होती, जुन्या प्लांटला हात न लावता नवीन बांधला, चालू केला, पाइप जोडले, झालं. मोकळा प्लॉट हाताशी असला की काय, कोणीही हुशार.

त्याआधी १९७३ च्या तेल संकटाने नवे प्रोजेक्ट बरेच मंदावले होते, ऐंशीच्या दशकात बबलच्या, म्हणजे जमिनी-शेअरचे भाव फुगले त्या काळातल्या, पैशाने पुन्हा लाट आली. त्याच वेळी एका भलत्याच दिशेने धक्का बसला. ओझोनच्या थराला भोक पडतंय म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि मोठ्या टर्बो चिलरमध्ये (विजेवर कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या) गारवा करायला जो गॅस भरायचे, आर-११ किंवा आर-१२, त्याचं उत्पादन १९९५ अखेर विकसित देशांत बंद. मशीन धडधाकट आहे पण त्यात भरायला गॅस मिळणार नाही, अशी अवस्था. त्यात सत्तरीतली मशिनं तेव्हा वीस-पंचवीस वर्षांची झालेली, म्हणजे चिलरचं आयुष्य तसंही भरत आलेलं. तर प्लांट बदलायची पहिली मोठी खेप ही अशी बिल्डिंगसाठी नाही, गॅससाठी झाली.

आता ओतेमाची. टोकियो स्टेशन आणि राजवाडा यांच्या मधला हा पट्टा, बँका, वर्तमानपत्रं, मोठ्या कंपन्यांची हेडऑफिसं. शेजारच्या मारुनोउचीच्या नावाने १९७३ मध्ये उष्णता पुरवठा कंपनी निघाली आणि १९७६ पासून ओतेमाचीत पुरवठा चालू झाला. इथं मोकळा प्लॉट वगैरे काही नाही, प्लांट ऑफिस बिल्डिंगांच्याच तळघरांत. आणि गोम अशी की प्लांट म्हणजे नुसतं तळघर नसतं. बॉयलरचं धुराडं त्याच बिल्डिंगच्या पोटातून वरपर्यंत जातं, कूलिंग टॉवर त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर. म्हणजे बिल्डिंग पाडली की तळ, नळी आणि डोकं तिन्ही एकदम जातात.

आणि बिल्डिंगा तर पाडायच्याच होत्या. बऱ्याचशा १९८१ च्या नव्या भूकंप नियमांच्या आधीच्या, मजल्यांची उंची कमी, कॉम्प्युटरच्या केबल टाकायला जागा नाही. त्यात २००२ मध्ये शहर पुनरुज्जीवनाचा खास कायदा आला, जादा एफएसआयचं गाजर दाखवणारा. पण इथली ऑफिसं बंद करता येत नाहीत, बँकेचे सर्व्हर आणि ट्रेडिंग रूम जानेवारीतसुद्धा कूलिंग मागतात.

मग जी युक्ती काढली तिला साखळी पुनर्विकास म्हणतात आणि मला ही पूर्ण गोष्टीतली सगळ्यात डोकेबाज वाटते. केंद्र सरकारची काही ऑफिसं २००० च्या सुमारास टोकियोशेजारच्या सायतामाला हलली, त्यांची साधारण १.३ हेक्टर जागा रिकामी झाली. ती विकून टाकण्याऐवजी बियाण्यासारखी वापरली. आधी त्या जागेवर तीन नवे टॉवर बांधले, शेतकरी सहकारी संस्थांची जेए बिल्डिंग, केइदानरेन ही उद्योगपतींची संघटना आणि निक्केई वर्तमानपत्र, २००९ मध्ये तिघं जुन्या बिल्डिंगांमधून थेट नव्यात गेले. त्यांच्या जुन्या जागेवर २०१२ मध्ये ओतेमाची फायनान्शियल सिटीचे दोन टॉवर. तिथं जे गेले त्यांच्या जागेवर २०१६ मध्ये ग्रँड क्यूब. ट्रान्झिट कॅम्प नाही, दोनदा सामान हलवणं नाही! जमिनीचे हक्क अदलाबदल करून सगळं बसवलं, ते कागदपत्रांचं काम काय झालं असेल याची कल्पनाच न केलेली बरी.

उष्णतेच्या जाळ्यालाही हीच साखळी फळली. नव्या टॉवरच्या प्लॅनमध्येच प्लांटची जागा धरायची, तो चालू करून रस्त्याखालच्या जाळ्याला जोडायचा, काही दिवस दोन्ही चालवायचे, मग जुना बंद करून त्याची बिल्डिंग पाडायची. एकाच जाळ्यात चार-पाच प्लांट असले तर एक आजारी पडला तरी बाकीचे खेचून नेतात, म्हणून मुख्य केंद्र एकच असण्यापेक्षा अनेक छोटे, एकमेकांना जोडलेले, ही पद्धत पडत गेली. जिथं बिल्डिंग राहणार पण मशीन बदलायचं तिथं काम ऋतू बघून करतात, चिलर हिवाळ्यात, बॉयलर उन्हाळ्यात, जुनं मशीन जागेवरच कापून तुकड्यांनी वर काढायचं आणि नवं जमलं तर अख्खं, नाहीतर सुटं करून त्याच खाचेतून खाली सोडायचं. मूळ बिल्डिंगवाल्याने मशीन उतरवायची ती खाच नंतर पार्किंगसाठी बुजवून टाकली नसेल तर.

बदलताना जुन्यासारखंच नवं बसवत नाहीत हेही आहे. वाफेवर चालणारा जुना सिंगल-इफेक्ट ॲब्झॉर्प्शन चिलर एक युनिट उष्णता खाऊन पाऊण युनिट सुद्धा गारवा देत नाही, तीच उष्णता दोनदा वापरणारा डबल-इफेक्ट सव्वाच्या वर देतो, आणि आजचा विजेवरचा टर्बो चिलर एका युनिट विजेला सहाच्या आसपास. वीज आणि वाफ यांची सरळ तुलना करता येत नाही हे मान्य, पण फरक केवढा पडतो ते कळतं. त्यात २०१० पासून टोकियोने मोठ्या इमारती आणि अशा प्लांटना कार्बनची सक्तीची मर्यादा घातली, मग जुनं मशीन ओढत बसणं महागच पडायला लागलं.

मार्च २०११ च्या भूकंपाने आणखी एक गोष्ट बदलली. टोकियोत विजेची टंचाई होती तेव्हा रोप्पोंगी हिल्स, २००३ चा रिडेव्हलपमेंट प्रोजेक्ट, स्वतःच्या तळघरातल्या गॅस टर्बाइनवर चालू होता, वर दिवसा ४,००० किलोवॉट वीज उलट वीज कंपनीला देत होता. त्यानंतर नव्या प्लांटमध्ये वीज आणि उष्णता एकत्र बनवणारं कोजनरेशन जवळजवळ गृहीतच धरायला लागले, कारण भाडेकरूच आधी विचारतो की लाइट गेली तर काय. २०१६ मध्ये हा धंदा मोकळा केला, परवान्याऐवजी नोंदणी आली, दरावरचं नियंत्रण बहुतेक ठिकाणी सुटलं.

सगळंच पाडलं असंही नाही बरं का. १९५८ ची ओतेमाची बिल्डिंग, नऊ मजली आणि लांबच लांब, ती न पाडता आतून नवी केली, काम २०२२ मध्ये संपलं. आणि साखळीची पुढची कडी म्हणजे स्टेशनच्या पलीकडे तोकिवाबाशीला चाललेलं काम, ३.१ हेक्टर, त्यात ३८५ मीटरच्या आसपासचा टॉर्च टॉवर. या कामाला दहा वर्षांहून जास्त लागताहेत त्याचं एक मोठं कारण परत जमिनीखालीच आहे, त्या प्लॉटवर सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन आणि विजेचं सबस्टेशन होतं आणि दोन्ही एक दिवसही बंद ठेवता येत नव्हती. म्हणून २०२१ मध्ये एक टॉवर आधी, २०२२ मध्ये पंपांची नवी इमारत, आणि सगळ्यात उंच टॉवरचा नंबर त्यांच्या मागे, २०२८ ला.