स्तनाच्या गाठीची बायोप्सी: येण्याआधी एवढं वाचा

चिठ्ठीवर ‘सोनोग्राफी गायडेड बायोप्सी’ दिसली की फोनवर पहिला प्रश्न येतो, "ऑपरेशन आहे का हो?" नाही. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत, सुईने गाठीचे बारीक तुकडे तपासणीसाठी घ्यायचे, एवढंच. भूल तेवढ्या जागेपुरती, टाका नाही, अ‍ॅडमिट होणं नाही. सुईचं काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचं.

उपाशी येऊ नका, नाश्ता करूनच या. पुढून उघडणारा कुर्ता किंवा ब्लाउज घाला. जुन्या सोनोग्राफी-मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रेची) फाइल आणा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर आम्हाला आधी कळवा. ती आपल्या मनाने बंद करू नका, गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

टेबलावर पाठीवर किंवा थोडं कुशीवर झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला सांगतो. भुलीचं इंजेक्शन चरचरतं, खरं दुखणं बहुधा तेवढंच. मग दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन सुई आत जाते. ती गाठीपर्यंत कशी पोचते ते डॉक्टरांना स्क्रीनवर दिसत असतं. तुकडा घेताना सुईची गन ‘खट्ट’ वाजते, मोठ्या स्टेपलरसारखी. दुखत नसूनही या आवाजानेच बायका दचकतात, म्हणून आम्ही तो आधी ऐकवतो. असे चार-पाच तुकडे घेतो. शेवयांएवढे बारीक असतात आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. बाटलीवरचं नाव आणि बाजू, डावी की उजवी, तुम्ही स्वतः वाचून बघा. आम्हाला राग येत नाही.

सोनोग्राफीत न दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण असतील, तर बायोप्सी मॅमोग्राफीच्या मशीनवर करावी लागते. ती सोय आमच्याकडे नाही. तसं असेल तर आधीच सांगू, फुकट खेप नको.

"सुई लावली की गाठ पसरते," असं शेजारीपाजारी सांगतात. त्यात तथ्य नाही. उलट न तपासता गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं. आणि गाठ म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. तरुण मुलींमध्ये तर फायब्रोअ‍ॅडिनोमाच्या साध्या गाठी खूप आढळतात.

नंतर दहा मिनिटं दाबून धरून पट्टी लावतो. घरी जाताना स्कूटर चालवू नका, कुणाला तरी सोबत आणा. कपड्यावरून थोडा वेळ बर्फ लावा, घट्ट ब्रा रात्रीही राहू द्या. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन मात्र दुखण्यासाठी घेऊ नका. दोन दिवस पाण्याची कळशी, बादली उचलू नका. जागा काळीनिळी पडते, आठ-दहा दिवसांत ओसरते. रक्त थांबत नसेल, सूज वाढत असेल, ताप आला किंवा जागा लाल होऊन ठणकू लागली, तर लगेच फोन करा.

रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. त्यात कॅन्सर दिसला तर ईआर, पीआर, हर-टू या, कोणती औषधं लागू पडतील ते ठरवायला मदत करणाऱ्या तपासण्या त्याच तुकड्यांवर होतात. त्याला आणखी काही दिवस जातात, पुन्हा सुई बहुधा लागत नाही. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. पावती घेऊन या, वाचून समजावून देऊ आणि पुढे तो चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.