श्कोत्स्यानच्या गुहा आणि जमिनीखालची रेका नदी : सहलीपूर्वी वाचावयाची माहिती

आमच्या स्लोव्हेनिया व उत्तर इटली सहलीत नाव नोंदविलेल्या प्रत्येक प्रवाशाला हे माहितीपत्रक पाठविण्यामागे एक साधे कारण आहे. स्लोव्हेनियातील श्कोत्स्यानच्या गुहांतील मुख्य मार्गावर कोणालाही आपले आपण फिरता येत नाही. ठरलेल्या वेळी तेथील उद्यानाचे मार्गदर्शक गट घेऊन आत जातात आणि आपला गट इंग्रजी बोलणाऱ्या मार्गदर्शकासोबत असतो. ओलसर वाटेवर, खाली वाहणाऱ्या पाण्याच्या घोषात आणि इतर देशांतील पाहुणे सोबत असताना आमच्या सहलप्रमुखाने मध्येच थांबून मराठीत सांगत राहणे शक्य होत नाही व ते शोभतही नाही. त्यामुळे आत काय दिसणार आहे आणि त्यासाठी अंगात किती बळ लागेल, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे.

गुहा म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ किंवा कार्ल्याची लेणी येतात. ती माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या डोंगरात कोरलेली आहेत. हा पाषाण पाण्यात विरघळत नाही. फार तर कुकडी नदीने निघोजला केले तसे, पाण्याबरोबर गरगर फिरणारे दगडगोटे त्याला घासून रांजणखळगे पाडतात. श्कोत्स्यानचा खडक चुनखडीचा आहे आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहूनही अधिक मातीतून कार्बन डायऑक्साइड घेत खाली झिरपते, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीच्या भेगांत शिरून खडक विरघळवू लागते. भेगेची फट होते, फटीची वाट होते, आणि एखादी संपूर्ण नदीच त्या वाटेला लागली की विरघळण्याच्या जोडीला झिजण्याचे काम सुरू होऊन लाखो वर्षांत जमिनीखाली दरी तयार होते. अराकू खोऱ्याच्या सहलीत ज्यांनी बोर्रा गुहा पाहिल्या आहेत त्यांना चुनखडीची गुहा नवीन नाही. मात्र श्कोत्स्यानमध्ये पाहावयाची गोष्ट मुख्यतः नदी आणि तिने कोरलेली दरी आहे, लवणस्तंभ त्यानंतर येतात.

हा भाग स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्येला, इटलीच्या सीमेलगतच्या क्रास नावाच्या पठारावर आहे. क्रास या नावाचे जर्मन रूप कार्स्ट, आणि जगभरातील भूगर्भशास्त्रज्ञ चुनखडीच्या अशा पोखरलेल्या प्रदेशाला, मग तो चीनमध्ये असो की मेघालयात, याच पठारावरून कार्स्ट म्हणतात. नदीचे नाव रेका आहे आणि स्लोव्हेन भाषेत रेका या शब्दाचा अर्थच मुळी ‘नदी’ असा आहे. जिथे पडलेला पाऊस लगेच जमिनीत मुरून जातो आणि वाहते पाणी सहसा दिसतच नाही, अशा पठाराच्या कडेला राहणाऱ्या लोकांना डोळ्यांपुढे वाहणाऱ्या एकमेव नदीला निराळे नाव देण्याची गरज भासली नसावी, असे आपले आम्हाला वाटते.

रेका स्नेझनिक पर्वताच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे 55 किलोमीटर जमिनीवरून, बहुतांश पाणी न मुरणाऱ्या वालुकाश्म आणि मार्लच्या, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीच्या खडकाच्या, थरांवरून वाहत येते. चुनखडी लागल्यावर ती आपले पात्र खोल खोल नेते आणि श्कोत्स्यान या छोट्या गावाखाली, ज्या कड्यावर गावाची घरे आणि चर्च उभे आहे त्याच कड्याच्या पोटात शिरते. पुढे दोन प्रचंड खचलेल्या विवरांच्या तळाशी ती थोडा वेळ उजेडात येते. माला दोलिना, म्हणजे लहान दरी, आणि वेलिका दोलिना, म्हणजे मोठी दरी, अशी या विवरांची नावे असून मोठीची खोली सुमारे 165 मीटर भरते. पूर्वी गुहाच असलेल्या पोकळ्यांचे छत कोसळल्यामुळे ही विवरे झाली आहेत. वेलिका दोलिनातून नदी जी आत जाते ती थेट इटलीतील दुईनोजवळ, तिमावो या नावाने बाहेर पडते. मधले सरळ रेषेतील अंतर तीस किलोमीटरहून अधिक आहे.

गुप्त नदी म्हटले की आपल्याकडे प्रयागच्या सरस्वतीची आठवण निघते. रेकेच्या बाबतीत ती शिरते ते तोंड आणि ती निघते ते झरे, दोन्ही प्रत्यक्ष पाहता येतात. फक्त मधली वाट अजून पूर्ण उलगडलेली नाही. या वाटेचा शोध प्रथम कुतूहलापोटी नव्हे, तर तहानेपोटी घेतला गेला. एकोणिसाव्या शतकात त्रिएस्ते हे आज इटलीत असलेले बंदर वेगाने वाढत होते आणि त्याला पाणी पुरत नव्हते. पठाराखालून नदी जात असेल तर ती गाठावी, या विचाराने लिंडनर नावाचे गृहस्थ विवरामागून विवर धुंडाळत राहिले आणि 1841 मध्ये त्रेबिचानो गावाजवळ 329 मीटर खोल उतरल्यावर त्यांच्या माणसांना अंधारात वाहती नदी सापडली. मात्र एवढ्या खोलीवरून शहराला पुरेल इतके पाणी उपसणे त्या काळी शक्य नसल्याने त्रिएस्तेकरांची गैरसोय तशीच राहिली.

श्कोत्स्यानच्या बाजूने आत घुसण्याचा पद्धतशीर प्रयत्न आडोल्फ श्मिडल यांनी 1851 मध्ये केला आणि 1884 पासून हांके, मारिनिच व म्युलर या तिघांनी तो तडीस नेला. त्यांनी एकामागून एक धबधबे ओलांडत 1890 मध्ये मृत सरोवर गाठले, जिथे नदी पाण्याने पूर्ण भरलेल्या वाटेत नाहीशी होते. त्यांच्यासोबत कड्यांवर पायऱ्या खोदणारे हात आसपासच्या गावकऱ्यांचे होते, आणि आज ज्या कोरड्या दालनांतून आपण आत प्रवेश करतो ती ‘शांत गुहा’ तर 1904 मध्ये स्थानिक लोकांनीच सुमारे साठ मीटरची उभी भिंत चढून शोधली. सहलीत गुहेतील नदीवरच्या त्सेर्क्वेनिक पुलाच्या आसपास पोहोचल्यावर समोरच्या भिंतीकडे नीट पाहावे, अशी आमची मुद्दाम विनंती आहे. जुन्या शोधकांनी दगडात खोदलेल्या वीतभर रुंदीच्या पायवाटा तिथे अजून दिसतात आणि त्या किती उंचीवर आहेत हे पाहिले की त्या माणसांनी पुरापासून पळण्याची वाट आधी तयार ठेवली होती, हे कोणी न सांगता समजते.

पुराची भीती खरी होती आणि आजही आहे. उन्हाळ्यात बारीक धारेसारखी वाहणारी ही नदी मोठ्या पावसात सेकंदाला 300 घनमीटरहून अधिक पाणी आणू शकते, परंतु पुढची निमुळती वाट एवढे पाणी घेऊ शकत नाही. मोरीचे तोंड लहान आणि नळ मोठा सोडलेला, असा तो प्रकार होतो आणि पाणी मागे चढू लागते. 1965 च्या पुरात ते गुहेच्या आत शंभर मीटरहून अधिक वर चढले होते. त्यामुळे जोराच्या पावसानंतर उद्यानाने काही वाटा बंद ठेवल्या, तर सहलप्रमुखाशी वाद घालू नये. तो निर्णय आमच्या हातात नसतो, आणि असता तरी आम्ही वेगळा घेतला नसता.

प्रत्यक्ष मार्ग असा आहे. मातावुन येथील स्वागत केंद्रातून दहाएक मिनिटे चालत आपण एका विवराच्या तळाशी येतो आणि खोदलेल्या बोगद्यातून शांत गुहेत प्रवेश करतो. येथे पाण्याचा आवाज नसतो. छतावरून ठिबकणाऱ्या थेंबातील कार्बन डायऑक्साइड निघून गेला की विरघळलेली चुनखडी पुन्हा घट्ट होते. छताला राहिली तर खाली लोंबणारा आणि जमिनीवर साचली तर वर वाढणारा लवणस्तंभ बनतो. मोठ्या दालनातील ‘महाकाय’ नावाचा स्तंभ 15 मीटर उंच, म्हणजे सुमारे पाच मजली इमारतीइतका आहे. त्याच्यापाशी बहुतेक जण रेंगाळतात. आमचा अनुभव असा की खरे दृश्य पुढे आहे, म्हणून पायांतली शक्ती तिथेच खर्च करू नये.

शांत गुहा संपता संपता लांबून, वारा झाडीतून जावा तसा आवाज येऊ लागतो आणि पुढचे पाऊल ‘घोंघावणाऱ्या गुहे’त पडते. एका वळणावर भिंती एकदम दूर सरकतात, छत दिव्यांच्या उजेडाच्या वर निघून जाते आणि खाली अंधारात नदी दिसण्याआधी ऐकू येते. ही जमिनीखालची दरी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब असून काही ठिकाणी तिची उंची 140 मीटरच्या पुढे जाते. पलीकडच्या भिंतीवर दिव्यांची एक रांग चढत गेलेली दिसते. ती आपलीच पुढची वाट आहे, हे लक्षात आल्यावर प्रत्येक तुकडीत कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणतेच. त्सेर्क्वेनिक पूल नदीच्या सुमारे 45 मीटर वर आहे. त्याला भक्कम कठडे आहेत आणि तो हलत नाही, तथापि ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी मधोमध चालावे व नजर समोरच्या माणसाच्या पाठीवर ठेवावी. सुमारे 22 लाख घनमीटर आकारमानाचे, युरोपातील सर्वांत मोठ्या भूमिगत दालनांपैकी एक असलेले मार्तेल दालन याच दरीत पुढे आहे. पर्यटकांच्या वाटेवर ते येत नाही, त्यामुळे ‘ते दाखवले नाही’ अशी तक्रार कृपया करू नये.

शेवटी श्मिडल दालनाच्या प्रचंड नैसर्गिक तोंडातून आपण वेलिका दोलिनात बाहेर पडतो. तळाशी थंड हवा साचते आणि काही जागा उबदार राहतात, म्हणून येथे आल्प्स पर्वतातील प्रिम्युला आणि भूमध्य सागरी हवामानातील हंसराज ही दोन अगदी भिन्न ठिकाणची झाडे एकाच विवरात वाढतात. हंसराज म्हणजे आपल्याकडे जुन्या विहिरींच्या ओल्या भिंतींवर काळ्या देठाचे नेचे उगवते, त्याच कुळातले. परतीच्या चढणीचा शेवटचा भाग तिरप्या उद्वाहकाने पार करता येतो.

आता पायऱ्यांविषयी, कारण आम्हाला सर्वाधिक दूरध्वनी याच विषयावर येतात. या मार्गावर पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि एकूण दीड ते दोन तास चालावे लागते. गट पुढे सरकत असल्याने मध्ये बसून विश्रांती घेण्याची सोय जवळपास नाही आणि अर्ध्यातून परत फिरणेही सोपे नाही. व्हीलचेअर किंवा बाबागाडी आत नेता येत नाही. घरच्या तिसऱ्या मजल्यावर दोनदा सलग चढून-उतरून पाहावे. गुडघे किंवा श्वास कुरकुरला, तर श्कोत्स्यानचा आग्रह धरू नये, ही आमची स्पष्ट सूचना आहे. सोबतचे नातेवाईक ‘चला हो, काही होत नाही’ म्हणतात, पण पायऱ्या आपल्यालाच चढायच्या असतात.

अशा प्रवाशांसाठी त्याच दिवशी आम्ही पोस्टोयना गुहेची व्यवस्था करतो. तेथे पिवका नदीने पोखरलेली 24 किलोमीटरची गुहा असून 1872 पासून आत रूळ आहेत. सुरुवातीला मार्गदर्शक स्वतः डबे ढकलत असत. आता विजेची गाडी बहुतेक अंतर नेते आणि चालण्याचा भाग मोजकाच, सुघड वाटेचा आहे. लवणस्तंभांच्या सौंदर्यात पोस्टोयना निःसंशय सरस आहे. शिवाय तेथे प्रोटियस हा अंधारात राहणारा, फिकट गुलाबी, दृष्टिहीन उभयचर प्राणी पाहता येतो. तो शंभर वर्षांपर्यंत जगू शकतो आणि अन्नाशिवाय कित्येक वर्षे काढू शकतो. स्थानिक लोक त्याला ‘मानवी मासा’ म्हणतात. पोस्टोयनात गर्दी मात्र पुष्कळ असते, आणि जमिनीखालच्या दरीच्या काठाने चालण्याचा अनुभव तिथे मिळत नाही. म्हणून ज्यांचे पाय साथ देतात त्यांना आम्ही श्कोत्स्यानच सुचवितो.

श्कोत्स्यानच्या आत वर्षभर तापमान 12 अंशांच्या आसपास असते. जुलैत बाहेर घाम येत असला तरी स्वेटर किंवा वाऱ्याला अडविणारे जाकीट हातात असावे. तळाला पकड असलेले बूट अनिवार्य समजावेत. चपला किंवा गुळगुळीत तळाचे सँडल घालून आलेल्या प्रवाशाला आम्ही बसजवळच थांबविण्याचा अधिकार राखून ठेवतो. स्वच्छतागृह स्वागत केंद्रातच आहे, आत नाही. खाण्याचे डबे बसमध्ये ठेवावेत. गुहेच्या आत छायाचित्रण आणि चित्रीकरणास मनाई आहे. नैसर्गिक तोंडापाशी बाहेर आल्यावर छायाचित्रे काढता येतात. दिव्यांच्या उजेडामुळे दगडावर शेवाळ धरते, म्हणून गट पुढे गेला की मागचे दिवे मालवले जातात. गटापासून मागे राहू नये, ते यासाठीही. लवणस्तंभाला हात लावू नये, कारण बोटांचे तेल लागलेल्या जागी चुनखडीचा नवा थर नीट धरत नाही.

युनेस्कोने 1986 मध्ये या गुहांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. तरीही वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन रेका पुढेही काही वर्षे काळी वाहत होती; कारखाने बंद झाल्यानंतर ती सावरली. नियम काटेकोर वाटले तर हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी व्हेनिसकडे जाताना आपली बस दुईनोजवळ सान जोव्हान्नी येथे वीस मिनिटे थांबते. झाडीतल्या जुन्या चर्चच्या बाजूला, खडकाखालून हिरवट, थंड पाणी फारसा आवाज न करता वर येते आणि जेमतेम दोन किलोमीटर वाहून एड्रियाटिक समुद्राला मिळते. आदल्या दिवशी पुलाखाली पाहिलेली नदी ती हीच. येथे तिकीट नाही, पायऱ्या नाहीत आणि छायाचित्रांना मनाईही नाही, त्यामुळे पोस्टोयनाला गेलेल्या प्रवाशांनीही येथे अवश्य उतरावे.